प्रवास-प्रश्नोत्तरे : तिकिटावरचे नऊ तास, हातातले चार

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत एकच अडचण निरनिराळ्या शब्दांत मांडलेली दिसली. दोन विमानांच्या मध्ये काही तासांचा थांबा आहे, शहर अनोळखी आहे, बाहेर पडावे की विमानतळावरच बसून राहावे? सगळी पत्रे छापणे शक्य नाही. ज्यांच्या उत्तरांतून इतरांचाही हिशेब सुटेल, अशी चार पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी निवृत्त आहोत, माझे वय ६६ आणि हिचे ६२. मुलीकडे मेलबर्नला पहिल्यांदाच जात आहोत. मुंबईहून रात्री ११.४० ला सुटणारे विमान सकाळी ७.४० ला सिंगापूरला पोहोचते आणि पुढचे विमान संध्याकाळी ५ वाजता आहे, म्हणजे मध्ये नऊ तास वीस मिनिटे मिळतात. जावई म्हणतात, बाहेर पडा. मुलगी म्हणते, नसते साहस करू नका. एका स्नेह्यांनी सेंटोसा, मर्लायन, गार्डन्स बाय द बे, लिटल इंडिया आणि मुस्तफा अशी यादी करून दिली आहे. हिला गुडघ्यांचा त्रास आहे. व्हिसाचे आणि सामानाचे काय करायचे, तेही कळवावे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : जावईबापूंचे म्हणणे बरोबर आहे, पण मुलीची काळजीही वाया जाऊ देऊ नका. तुमच्या स्नेह्यांनी दिलेली यादी मात्र तीन दिवसांच्या सहलीची आहे. ती घडी घालून घरीच ठेवा.

आधी वेळेचा हिशेब करू, आणि तो उतरण्याच्या वेळेपासून न करता पुढच्या विमानाच्या वेळेपासून मागे मोजत करू. विमान ५ ला सुटणार असेल, तर आत बसवायला साधारण सव्वाचारला सुरुवात होईल. तुमचे वय आणि पहिलाच परदेश प्रवास लक्षात घेता तुम्ही ३ वाजता विमानतळावर परत असायला हवे, म्हणजे इमिग्रेशनची रांग, प्रसाधनगृह आणि दुसऱ्या टर्मिनलपर्यंतची पायपीट हे सगळे धापा न टाकता होईल. शहरातून विमानतळापर्यंत यायला मेट्रोने पाऊण ते एक तास धरा, म्हणजे २ वाजता शहर सोडायचे. सकाळी ७.४० ला चाके जमिनीला लागली, तरी विमानातून बाहेर पडून, तोंड धुऊन, चहा घेऊन आणि इमिग्रेशन पार करून मेट्रोच्या फलाटावर पोहोचायला ९ वाजतील आणि शहरात पाय ठेवायला १०. तिकिटावरच्या नऊ तास वीस मिनिटांपैकी तुमच्या हाती राहिले ते १० ते २ असे चार तास. शिवाय सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथे ७.४० वाजलेले असतील तेव्हा तुमच्या शरीराच्या लेखी पहाटेचे ५.१० झालेले असतील, आणि रात्रीची झोप विमानाच्या खुर्चीत जेवढी मिळाली तेवढीच.

आता व्हिसा. भारतीय नागरिकांना सिंगापूरमध्ये शिरण्यासाठी एरवी व्हिसा लागतो, परंतु तिसऱ्या देशात जाताना वाटेत उतरणाऱ्यांसाठी ९६ तासांपर्यंतची व्हिसामुक्त प्रवेशाची सवलत आहे. त्यासाठी ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड किंवा स्वित्झर्लंड यांपैकी एका देशाचा किमान एक महिना मुदत शिल्लक असलेला व्हिसा आणि पुढच्या प्रवासाचे पक्के तिकीट लागते. तुमच्याजवळ ऑस्ट्रेलियाचा व्हिसा असल्याने तुम्ही या सवलतीत बसता. अंतिम निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा असतो आणि अटी अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या एकदा पाहून घ्या. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, तो ई-मेलवर आलेल्या मंजुरीपत्राच्या रूपात असतो. त्या पत्राच्या दोन छापील प्रती हातातल्या बॅगेत असू द्या. फोनची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेतच मान टाकते.

बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ‘एसजी अरायव्हल कार्ड’ हा ऑनलाइन अर्ज पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरता येतो. तो पूर्णपणे मोफत आहे. हुबेहूब दिसणारी आणि पैसे मागणारी संकेतस्थळे बरीच आहेत. कुठे कार्डाचा क्रमांक मागितला, तर आपण चुकीच्या दारात उभे आहोत असे समजा. अर्जात लिहिलेला ई-मेल तुम्हाला प्रवासात उघडता येणारा असावा, कारण सिंगापूरमध्ये आता पासपोर्टवर शिक्का बसत नाही, प्रवेशाची परवानगी ई-मेलनेच येते. जावयाचा पत्ता देऊन मोकळे होऊ नका.

सामानाची चिंता तुलनेने कमी आहे. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील, तर मोठ्या बॅगा मुंबईहून थेट मेलबर्नला जातात आणि सिंगापूरला त्या तुमच्या हाती येत नाहीत. मुंबईच्या काउंटरवर बॅगेला कागदी पट्टी लावतील, ती डोळ्यांनी पाहा. तिच्यावर ठळक अक्षरांत मेलबर्नचे ‘एमईएल’ हे संकेताक्षर असले पाहिजे. ‘एसआयएन’ एवढेच दिसले, तर काउंटरवरून हलू नका. बॅगा मध्ये उघडता येणार नसल्याने दोघांची औषधे, गुडघ्याचा पट्टा, एकेक सुती कपड्यांचा जोड आणि छत्री हातातल्या बॅगेत हवी. ती बॅगही फिरवत बसू नका. चांगी विमानतळावर पैसे भरून सामान ठेवण्याची सोय आहे.

एक सूचना थोडी नाजूक आहे, पण आपल्याकडच्या कित्येक घरांत लागू पडते, म्हणून लिहितो. सिंगापूरमध्ये खाण्याच्या तंबाखूला बंदी आहे. मिश्रीची डबी, तंबाखूची पुडी, गुटखा यांतले काहीही खिशात विसरलेले नसावे. ई-सिगारेट आणि च्युइंगगमही चालत नाहीत.

जायचे कुठे? माझे मत असे की गुडघे दुखत असताना मर्लायनच्या पुतळ्यासमोर उन्हात उभे राहून फोटो काढण्यात अर्थ नाही, आणि सेंटोसा हे बेट एका दिवसालाही पुरत नाही. तुम्ही फक्त गार्डन्स बाय द बे पाहा आणि लिटल इंडियात जेवून परत या. ही जोडी सुचवण्याचे कारण मेट्रोच्या नकाशात आहे. विमानतळाचे स्थानक टर्मिनल २ आणि ३ यांच्या खालीच आहे. तिथून एक स्थानक पुढे ‘एक्स्पो’ला उतरून निळ्या डाउनटाउन मार्गिकेची गाडी पकडली, की ती तुम्हाला थोड्या लांबच्या फेऱ्याने, पण पुन्हा न बदलता, बेफ्रंट स्थानकावर सोडते. हा फेरा मी मुद्दाम सुचवतो आहे, कारण गुडघेदुखी असलेल्या माणसाला दहा मिनिटे वाचवण्यापेक्षा एक जिना वाचवणे महत्त्वाचे असते. प्रत्येक स्थानकावर लिफ्ट आहे, तीच वापरा. तिथले सरकते जिने आपल्या मॉलमधल्यांपेक्षा वेगाने धावतात.

मेट्रोसाठी तिकीट काढण्याची गरज नाही. फाटकावर बँकेचे स्पर्शाने चालणारे व्हिसा किंवा मास्टरकार्ड टेकवले की झाले. मात्र दोघांना दोन वेगळी कार्डे लागतात, शिरताना जे टेकवले तेच उतरताना टेकवायचे असते, आणि भारतातून निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्या कार्डांचा परदेशातला वापर सुरू करून ठेवावा लागतो. एका फेरीला दोन-अडीच सिंगापुरी डॉलर पडतात, वर परदेशी कार्डाचे थोडे शुल्क. गाडीत खाणे-पिणे सक्त मना आहे, अगदी पाण्याचा घोटसुद्धा. पिशवीतली चकली बाहेर काढू नका.

गार्डन्स बाय द बे ही २०१२ साली खुली झालेली, समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवरची बाग आहे. लोखंडी सांगाड्यावर वेली चढवलेले २५ ते ५० मीटर उंचीचे ‘सुपरट्री’ बाहेरून फुकट पाहता येतात. तुमच्यासाठी मात्र खरे ठिकाण काचेच्या दोन घुमटांपैकी ‘क्लाउड फॉरेस्ट’ हे आहे. त्याचे तिकीट स्वस्त नाही, पण बाहेर दमट उकाड्याने जीव नकोसा होत असताना आत महाबळेश्वरची हवा असते. दार उघडताच समोर ३५ मीटरांचा धबधबा कोसळत असतो आणि त्याचे तुषार चष्म्यावर येतात. चष्मा पुसायला रुमाल बाहेर काढेपर्यंत पुन्हा काचा धुकटतात. आत कृत्रिम डोंगर आहे, त्याच्या अंगावर नेच्यांचे आणि ऑर्किडांचे दाट आच्छादन आहे. लिफ्टने थेट माथ्यावर जायचे आणि उताराच्या पुलांवरून हळूहळू खाली यायचे, अशी रचना असल्याने चढ मुळीच चढावा लागत नाही. दीड तास निवांत धरा. स्थानकापासून घुमटांपर्यंत चालायला नको वाटले, तर पैसे देऊन छोटी गाडी मिळते.

पावणेबाराच्या सुमारास पुन्हा बेफ्रंटला या. त्याच निळ्या मार्गिकेवर चौथे स्थानक लिटल इंडिया आहे. सेरंगून रोडवर शाकाहारी दक्षिण भारतीय जेवणाची जुनी घरे आहेत. त्यांतले कोमल विलास १९४७ पासून चालू आहे. केळीच्या पानावरचा भात, सांबार आणि पापड खाऊन सव्वा वाजेल, मग अर्धा तास फुलांच्या माळांच्या दुकानांपुढून रेंगाळा. तिथलीही बहुतेक देवळे दुपारी बंद असतात, त्यामुळे दर्शनाचा आग्रह नको. मुस्तफात शिरू नका. ते दुकान इतके अवाढव्य आहे, की लेकीसाठी ‘फक्त एक परफ्यूम’ घ्यायला गेलेली मंडळी दोन तासांनी बाहेरचा रस्ता विचारत असतात. पावणेदोनला स्थानकात शिरायचे, बुगिसला हिरव्या मार्गिकेवर बदलायचे आणि तनाह मेराहला विमानतळाची गाडी पकडायची.

इतकेही जमवायला नको वाटत असेल, तर विमानतळाचीच एक उत्तम सोय आहे. थांबा साडेपाच तासांहून अधिक आणि २४ तासांहून कमी असलेल्या प्रवाशांसाठी चांगी विमानतळ अडीच तासांची मोफत बससहल काढतो. तिला व्हिसाची अट वरीलप्रमाणेच आहे, जागा मोजक्या असतात, आणि नोंदणी इमिग्रेशन पार करण्यापूर्वी, आतल्याच काउंटरवर करावी लागते. आधी बाहेर पडलात तर संधी गेली. मार्गदर्शक इंग्रजीत बोलतो, पण वेळेवर परत आणून सोडण्याची जबाबदारी त्याची असते. तुमच्या मुलीला बहुधा हाच पर्याय आवडेल.

शेवटी मेलबर्नविषयी एक वाक्य. पिशवीत लोणचे, गोडा मसाला, लाडू असतील, तर ऑस्ट्रेलियात उतरताना प्रवेशपत्रिकेवर ‘खाद्यपदार्थ आहेत’ हे प्रामाणिकपणे लिहा. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतात. लपवलेल्याला जबर दंड होतो.

प्रश्न : मी आणि दोन मैत्रिणी बालीला जात आहोत. स्वस्त पडले म्हणून मुंबई–क्वालालंपूर आणि क्वालालंपूर–बाली अशी दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटे काढली आहेत. जाताना मध्ये ४ तास ५० मिनिटे आणि येताना ८ तास आहेत. जाता-जाता पेट्रोनास टॉवर पाहता येतील का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : जाताना नाही. तुमच्याजवळ ४ तास ५० मिनिटांचा थांबा नसून दोन स्वतंत्र प्रवास आहेत, आणि त्यांना जोडण्याचे काम तुम्हीच करणार आहात. पहिली कंपनी तुमच्या बॅगा क्वालालंपूरच्या पट्ट्यावर सोडून मोकळी होईल. तुम्हाला रीतसर मलेशियात प्रवेश करावा लागेल, बॅगा घ्याव्या लागतील, कदाचित टर्मिनल १ वरून टर्मिनल २ वर जावे लागेल आणि दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर नव्याने रांग लावावी लागेल. ते काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतात. पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर दुसरी कंपनी तुमचे काहीही देणे लागत नाही. म्हणून जातानाचा सगळा वेळ हा उशिरासाठी राखून ठेवलेला समजा. सगळे वेळेत झाले, तर टर्मिनल २ ला लागूनच मोठा मॉल आहे, तिथे निवांत जेवा.

भारतीय पर्यटकांना सध्या मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी आहे, पण ती मुदतीची सवलत असल्याने तुमच्या तारखांना ती लागू आहे ना, हे तपासा. मलेशियाचा ऑनलाइन आगमन-अर्ज तुम्हाला दोनदा भरावा लागेल, जातानाचा वेगळा आणि येतानाचा वेगळा. ही गोष्ट बहुतेकांना बालीच्या काउंटरवर उभे असताना कळते.

येतानाचे ८ तास कामाचे आहेत, पण तेही मोजून घ्या. बाहेर पडून बॅगा सामानघरात ठेवायला दीड तास, परतीच्या उड्डाणापूर्वीचे तीन तास, आणि शहरात जाण्या-येण्याचा दीड तास वजा केल्यावर दोन तास उरतात. विमानतळ शहरापासून पन्नासहून अधिक किलोमीटर दूर आहे, त्यामुळे टॅक्सीच्या भरवशावर राहू नका. केएलआयए एक्सप्रेस ही गाडी टर्मिनल १ पासून २८ आणि टर्मिनल २ पासून ३३ मिनिटांत केएल सेंट्रल स्थानकावर नेते. ती महाग आहे, पण रस्त्यावरच्या गर्दीशी तिचा संबंध नाही.

दोन तासांत दोन गोष्टी होऊ शकतात. सेंट्रलवरून एलआरटी या शहरी रेल्वेने केएलसीसी स्थानकावर जा, साधारण पाव तास लागतो. तिथल्या उद्यानातून जोडमनोरे मान वर करून पाहा. त्यांची उंची ४५२ मीटर आहे, मजले ८८ आहेत, आणि खालून दिसणारे दृश्य फुकट आहे. वर जाण्याच्या तिकिटाच्या भानगडीत पडू नका. मग सेंट्रलला परत येऊन स्थानकाला लागूनच असलेल्या ब्रिकफील्ड्स वस्तीत केळीच्या पानावर जेवा आणि गाडी पकडा. बाटू गुंफांचा मोह तिघींपैकी एकीला नक्की होईल, कारण समाजमाध्यमांवर त्या रंगीत पायऱ्यांचेच फोटो असतात. त्या पायऱ्या २७२ आहेत आणि गुंफा शहराच्या उत्तर टोकाला, म्हणजे विमानतळाच्या नेमक्या उलट्या दिशेला आहेत. तिला समजावून सांगा.

प्रश्न : मी शिक्षणासाठी न्यूझीलंडला जात आहे. सिंगापूरला ३ तास ५ मिनिटांचा थांबा आहे. तिथला तो प्रसिद्ध घरातला धबधबा पाहून येता येईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तो धबधबा, म्हणजे २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्युएल’ या संकुलातला ४० मीटरांचा ‘रेन व्होर्टेक्स’, विमानतळाच्या आवारात असला, तरी इमिग्रेशनच्या बाहेर आहे, आणि ही गोष्ट पुष्कळांना तिथे गेल्यावरच कळते. तीन तासांत बाहेर पडून परत आत येणे अशक्य नाही. परंतु एकटीने, शिक्षणाचा पहिला प्रवास करताना, पुढच्या विमानात आयुष्यातले एवढे मोठे काम वाट पाहत असताना मी ते करणार नाही. टर्मिनल २ आणि ३ यांच्यामधली स्कायट्रेन ज्युएलच्या आतूनच जाते. आतल्या बाजूच्या, म्हणजे पुढचे विमान पकडणाऱ्यांच्या डब्यात बसलीस, तर खिडकीतून काही क्षण धबधबा समोर येतो. डबा फुकट आहे, हवे तर दोन फेऱ्या मार.

त्याखेरीज टर्मिनल ३ मध्ये जिवंत फुलपाखरांची बाग आणि फुकट चित्रपटगृह आहे, टर्मिनल २ च्या गच्चीवर सूर्यफुले आहेत. विमान टर्मिनल ४ वरून असेल, तर मात्र यांतले काही करू नकोस. ते टर्मिनल वेगळे आहे आणि तिथे बसने जावे लागते.

आणखी एक. चांगीच्या टर्मिनल १, २ आणि ३ वर सुरक्षातपासणी सुरुवातीलाच होत नाही, ती प्रत्येक गेटच्या तोंडाशी होते. त्यामुळे भरलेली पाण्याची बाटली अगदी शेवटी रिकामी करावी लागते. माझी एका विमानतळावर अशीच फजिती झाली होती. वाटेतल्या शहरात भाचीसाठी मधाची सुंदर बरणी घेतली, आणि परतताना दुसऱ्या तपासणीत ती शंभर मिलिलिटरांहून मोठी निघाली. तपासणाऱ्या बाईंनी बरणी उजेडात धरून लेबल शांतपणे वाचले, ‘उत्तम मध आहे’ असे सांगितले आणि डब्यात टाकली. थांब्याच्या शहरात द्रव, मलम, चटणी, जॅम असले काहीही विकत घ्यायचे नाही, हा माझा त्या दिवसापासूनचा नियम आहे.

प्रश्न : आमचे अनोळखी शहर परदेशात नसून मुंबई आहे. आम्ही नागपूरचे, पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा आणि मी. नागपूरहून दुपारी १२.३० ला मुंबईला उतरतो आणि युरोपचे विमान रात्री १०.३० ला आहे. मुलाने अजून समुद्र पाहिलेला नाही. एवढ्या गर्दीच्या शहरात हे जमेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : दोन वर्षांपूर्वी विचारले असते, तर मी जुहूच्या किनाऱ्यावर रिक्षाने जाऊन या आणि विमानतळावर बसा, एवढेच सांगितले असते. आता भुयारी मेट्रो, म्हणजे मार्गिका ३, ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावते आणि तिची स्थानके विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांजवळ आहेत. दक्षिण मुंबई आता विमानतळापासून पाऊण तासाच्या आसपास आली आहे, आणि रस्त्यावर कितीही वाहने तुंबली तरी या पाऊण तासात फरक पडत नाही.

तुमचा हिशेब असा. आंतरराष्ट्रीय विमानासाठी रात्री ७.३० ला टर्मिनल २ वर हजर असायला हवे. देशांतर्गत विमान टर्मिनल १ वर उतरत असेल, तर आधी बॅगा घेऊन टर्मिनल २ वर या. सामान थेट युरोपपर्यंत जात नसेल, तर मोठ्या बॅगा तिथल्या सशुल्क सामानघरात ठेवा. चार बॅगा घेऊन मेट्रोत चढण्याची कल्पना मनातूनही काढून टाका. दोनच्या सुमारास गाडीत बसलात, तर पावणेतीनला हुतात्मा चौकात वर याल. संध्याकाळी मात्र कचेऱ्या सुटायच्या आत, म्हणजे ५ वाजता, परतीची गाडी पकडायची. सहा वाजता त्याच फलाटावर वेगळीच मुंबई असते, आणि ती तुमच्या मुलाला या फेरीत दाखवायची गरज नाही.

हुतात्मा चौकात एका बाजूला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचे स्मारक आणि शेजारीच १८६४ चे फ्लोरा फाउंटन आहे. मुलाला मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार दाखवा आणि हे राज्य कसे मिळाले, ते दोन वाक्यांत सांगा. तिथून चालत ओव्हल मैदानावर या. मैदानाच्या मधोमध उभे राहिलात, की एका हाताला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाच्या टोकदार कमानींची काळ्या-पिवळ्या दगडांची रांग दिसते आणि दुसऱ्या हाताला गोलाईदार सज्जांची, फिक्या रंगांची, विसाव्या शतकातली घरे. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. मुलाला इतिहासात रस नसेल, तर मैदानावर एकाच वेळी चाललेले क्रिकेटचे निरनिराळे सामने मोजायला लावा. कुठला चेंडू कुठल्या सामन्यातला, हे तिथल्या क्षेत्ररक्षकांना कसे कळते, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

मैदान ओलांडून चर्चगेटच्या बाजूने सरळ गेलात, की दहा-पंधरा मिनिटांत मरीन ड्राइव्ह. इथे तासभर काहीही करू नका. कठड्यावर बसा, शेंगदाण्याची पुडी घ्या. वाळू आणि पाण्यात खेळणे इथे नाही, समुद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या पलीकडे आहे. ते मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या दर्शनालाच रुसवा व्हायचा. वाळूच हवी असेल, तर थोडे उत्तरेला गिरगाव चौपाटीपर्यंत टॅक्सीने जा. मग परतीची मेट्रो गिरगाव स्थानकावरून पकडता येईल, चर्चगेटला यायला नको. मात्र विमानात बसायचे आहे, तेव्हा मुलाच्या कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत हवाच. जून ते सप्टेंबरमध्ये जात असाल, तर चौपाटी वगळा आणि भरतीची वेळ पाहून मरीन ड्राइव्हवर जा. मोठ्या भरतीच्या दिवशी कठड्यावर उडणारी लाट त्याला वाळूपेक्षा जास्त लक्षात राहील, फक्त कठड्यापासून चार हात दूर उभे राहा. सामानघरात बॅगा देताना त्यांच्या वरच्या कप्प्यात पासपोर्ट राहून जाण्याचा प्रकार अनेकांच्या बाबतीत घडतो. तिघांचे पासपोर्ट आणि सामानघराची पावती एकाच पाकिटात घालून ते पाकीट वहिनींच्या पर्समध्ये द्या.